कळवायचं कुणाला?

ऑपरेशन तसं साधं होतं. पित्ताशयात खडे झाले होते. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं, एक रात्र राहायचं, दुसऱ्या दिवशी घरी. सर्जननी हे इतक्या सहज सांगितलं की मीही तितक्याच सहज मान डोलावली. ऑपरेशनची म्हणावी अशी भीती वाटलीच नाही. ती वाटली दाखल होतानाच्या फॉर्मपाशी.

नाव, वय, रक्तगट, कसली ॲलर्जी, चालू औषधं. भराभर लिहीत गेले आणि एका ओळीवर पेन अडलं. ‘तातडीच्या प्रसंगी कळवायच्या व्यक्तीचं नाव. नातं. दूरध्वनी.’

आईवडील आता नाहीत. भाऊ आहे, पण तो जगाच्या पार दुसऱ्या टोकाला. इथं दुपार तेव्हा तिथं मध्यरात्र. मैत्रिणी आहेत, चांगल्या आहेत. पण एकीच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस, दुसरी सतत फिरतीवर, आणि तिसरीशी शेवटचं कधी बोलले ते आठवेना. मी फोन काढला आणि चक्क नावं वरखाली करत बसले. सहाशेच्या वर नंबर. प्लंबर, बँकेतलं कुणीतरी, दहा वर्षांपूर्वीच्या एका कार्यशाळेतले चौघं, एक काकू, ज्या गेल्या पण त्यांचा नंबर काढून टाकवत नाही. रात्री दोन वाजता यातलं कोण येईल, हा प्रश्न नव्हताच खरं तर. हाक मारली असती तर बरेच जण आले असते. रात्री दोन वाजता हाक मारायला मला संकोच वाटणार नाही असं यात कोण आहे, हे काही केल्या ठरेना.

“मॅडम, तो रकाना रिकामा नाही ठेवता येत,” काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली. “सिस्टिम पुढेच जात नाही.”

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं नाव टाकून मोकळी झाले. नात्यापुढे ‘सहकारी’ असं लिहिलं. त्याला विचारलंही नव्हतं.

गंमत अशी की या रकान्याबद्दल मला चार लोकांपेक्षा जरा जास्तच ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्यांनी लिहिलेले आरोग्याचे अहवाल तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. वाक्यं सरळ करायची, तक्त्यातला आकडा मजकुरातल्या आकड्याशी जुळतो का बघायचं, टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत पकडायची. गेल्या काही वर्षांत या कागदांमध्ये एक विषय पुनःपुन्हा यायला लागलाय: माणसाला माणसं किती आहेत आणि त्याचा त्याच्या प्रकृतीशी काय संबंध. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक आयोगच नेमला होता. त्याचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. जगात दर ६ माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो आणि वर्षाला अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, म्हणजे तासाला सुमारे १००, असं त्यात म्हटलंय. हा भागाकार मी सवयीने करून पाहिला होता. नव्व्याण्णव आणि वर थोडं येतं. आकडा बरोबर, अशी खूण करून मी पान उलटलं. सहांतलं ते एक माणूस कोण, हा विचार काही शिवला नाही.

आता खाटेवर पडल्या पडल्या शिवला.

खोलीत दोन खाटा होत्या. माझ्या बाजूला खिडकी होती आणि खिडकीबाहेर पलीकडच्या इमारतीची कोरी भिंत. ती पाहून मला हसू आलं, कारण नेमक्या अशाच भिंतीवर एक गाजलेला अभ्यास आहे. रॉजर उल्रिक नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचंच ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण त्याने जुन्या नोंदींतून निवडले आणि त्यांच्या २३ जोड्या लावल्या. वय, लिंग, सवयी शक्य तितक्या सारख्या. फरक एवढाच की जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. (तेव्हा पोट उघडून ऑपरेशन होई, म्हणून इतके दिवस.) झाडंवाल्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. नमुना छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये, हे मी कामाच्या सवयीने स्वतःला बजावते. पण मला त्या अभ्यासातलं लक्षात राहिलं ते झाडांचं नाही, तर नर्सेसच्या टिपणांचं. भिंतवाल्यांच्या कागदांवर ‘अस्वस्थ, रडत आहे’, ‘खूप धीर द्यावा लागतो’ अशा नोंदी जास्त होत्या. म्हणजे धीर किती लागतो हे कुणीतरी लिहून ठेवत होतं. त्या काळी ते लिहिण्याजोगं वाटत होतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडे माणसांची रीघ होती. भेटीची वेळ सुरू झाली की पाचसहा जण एकदम आत. मोठमोठ्याने बोलणं, खुर्च्या ओढणं, फोनवर तिसऱ्याच कुणाला तरी हकिगत ऐकवणं. माझं डोकं उठलं होतं. पांघरूण डोक्यावर ओढून मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ बोलले. संध्याकाळी त्यांच्यातलीच एक शाळकरी मुलगी न विचारता माझ्याकडे आली, टेबलावरचा ग्लास उचलला, स्ट्रॉ वाकवून माझ्या ओठांशी धरला. ग्लास हाताच्या अंतरावर होता. पण पोटावरचे टाके ताणून तिथवर पोचणं मला दोन तास जमलेलं नव्हतं आणि बेल वाजवावी एवढी काही ही गोष्ट नव्हती. “अजून?” तिने विचारलं. मी अख्खा ग्लास प्यायले.

या सगळ्या संशोधनातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग सर्दीचा आहे. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. १८ ते ५५ वयाची २७६ धडधाकट माणसं स्वतःहून तयार झाली. त्यांना आधी विचारलं: गेल्या पंधरवड्यात तुम्ही कुणाकुणाशी बोललात, समोर किंवा फोनवर? जोडीदार, आईवडील, मुलं, सासरची माणसं, शेजारी, मित्र, कामावरचे, एखाद्या मंडळातले, अशी नात्यांची १२ खणांची यादी होती. ज्या खणातल्या कुणाशीही बोलणं झालं असेल त्याचा एक गुण. एका खणात दहा माणसं असली तरी गुण एकच. मग प्रत्येकाच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि सगळ्यांना पाच दिवस वेगळं ठेवलं. ‘मला बरं वाटत नाही’ हे कुणीही म्हणेल, म्हणून संशोधकांनी त्यांनी नाक पुसलेले टिश्यू पेपर पिशव्यांत गोळा करून तराजूवर तोलले. विज्ञानात अशी कामं करणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. कुठल्या तरी खोलीत कुणीतरी हातमोजे घालून, शेंबडाचं वजन ग्रॅममध्ये वहीत लिहीत होतं आणि त्यातून माणसांच्या नात्यांबद्दल काहीतरी कळत होतं!

कळलं ते असं. ज्यांचे सहा किंवा जास्त खण भरलेले होते त्यांच्या तुलनेत तीन किंवा कमी खण असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका ४.२ पट होता. विषाणू सगळ्यांच्या नाकात सारखाच घातला होता. शरीराने त्याचं पुढे काय केलं, त्यात फरक पडला. आणि माणसांची नुसती संख्या नव्हे, त्यांचे प्रकार किती यावर तो फरक अवलंबून होता. हे वाचून मला नेहमी वाटतं की आपण एका माणसापुढे एकच असतो. ऑफिसात आपण काटेकोर, भाचीपुढे विदूषक, शेजाऱ्यापुढे पाण्याच्या टाकीवरून भांडणारे. एक खण कोसळला तरी दुसऱ्या खणातले आपण शाबूत राहतो. हा अर्थ माझा; कोहेन इतकं म्हणालेले नाहीत.

घरी येऊन, उशांना टेकून मी माझे खण मोजले. चार. त्यातलाही एक ओढूनताणून.

या क्षेत्रातले बाकीचे मोठे अभ्यास थोडक्यात सांगते, कारण ते सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. कॅलिफोर्नियातल्या अलामिडा परगण्यात सुमारे ७ हजार प्रौढांवर १९६५ पासून ९ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सगळ्यात कमी संबंध असलेल्यांचा मृत्युदर सगळ्यात जास्त संबंध असलेल्यांपेक्षा पुरुषांत २.३ पट आणि बायकांत २.८ पट निघाला. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये हे मांडलं. २०१० मध्ये ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड यांनी असे १४८ अभ्यास एकत्र केले, ३ लाखांहून जास्त माणसांचे; ज्यांचे संबंध घट्ट त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. त्यातूनच पुढे ‘एकटेपणा म्हणजे दिवसाला १५ सिगारेटी’ हे वाक्य जन्माला आलं आणि मथळ्यांमधून फिरत राहिलं.

मला ते वाक्य आवडत नाही. सिगारेट माणूस स्वतः पेटवतो आणि स्वतः विझवू शकतो. एकटेपणाला सिगारेटीच्या रांगेत बसवलं की ओघानेच पुढचं येतं: सोडा ना मग! बाहेर पडा, लोकांत मिसळा, छंद लावून घ्या, फोन उचला. म्हणजे ज्याच्याकडे कुणी नाही त्याच्याच डोक्यावर आणखी एक काम. असलं काही वाचलं की मला शिकागो आठवतं.

जुलै १९९५. शिकागो शहरात उष्णतेची लाट आली, १३ तारखेला पारा ४१ अंशांवर गेला. तेवढं तापमान जगात कित्येक ठिकाणी दर उन्हाळ्यात होतं. पण हे त्या शहराच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. रात्रीसुद्धा हवा निवेना आणि विटांच्या इमारतींमधल्या वरच्या मजल्यांच्या भट्ट्या झाल्या. शवागार अपुरं पडलं म्हणून बाहेर शीतपेटीचे ट्रक आणून उभे करावे लागले. महापौरांनी आकड्यांवर जाहीर शंका घेतली. शंका घ्यायला जागाही होती म्हणा. उष्णतेने मेला, असं कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. हृदय थांबलं, झटका आला, अशीच नोंद होते. म्हणून मोजायची रीत वेगळी असते: एरवी त्या आठवड्यात किती माणसं मरतात आणि यंदा किती मेली, यातली तफावत काढायची. ती तफावत ७३९ निघाली.

ही माणसं कोण होती? लगेच झालेल्या वैद्यकीय पाहणीत जे दिसलं ते जवळपास अपेक्षितच होतं. अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, दिवसभरात घराबाहेर न पडणारे यांना धोका जास्त. ज्यांच्या घरी चालू एअर कंडिशनर, ज्यांच्याकडे येण्याजाण्याचं साधन आणि आसपास ओळखीची माणसं, त्यांना कमी. एरिक क्लिननबर्ग हा समाजशास्त्राचा अभ्यासक मात्र तिथं थांबला नाही. तो त्याच शहरात वाढलेला. त्याने नकाशा घेतला आणि लागून असलेल्या दोन वस्त्यांवर बोट ठेवलं. उत्तर लॉनडेल आणि दक्षिण लॉनडेल. हवा एकच, ऊन एकच. दोन्हीकडे गरीब आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाण बरंचसं सारखं. पण उत्तरेला लाखामागे ४० माणसं मेली, दक्षिणेला ४.

दहापट. मधे एक रस्ता.

क्लिननबर्ग त्या रस्त्यांवरून हिंडला. उत्तर लॉनडेलमधून कारखाने गेले होते, मागोमाग माणसं आणि दुकानं गेली होती. मोकळे पडीक प्लॉट, बंद शटर, कोपऱ्यावर अमली पदार्थांचा धंदा. तिथल्या म्हाताऱ्या माणसाने दार लावून, खिडक्या बंद करून आत बसणं हेच शहाणपणाचं होतं. वर्षभर त्याच शहाणपणाने त्याला जिवंत ठेवलं होतं. लाटेच्या त्या आठवड्यात त्यानेच घात केला. दक्षिणेला फुटपाथवर चालायला जागा नसे इतकी गर्दी. दुकानं उघडी, दुकानांत गारवा, आणि खाली उतरायला काहीतरी निमित्त. मग वाटेल, दक्षिणेकडच्या लोकांची संस्कृतीच कुटुंबवत्सल असेल. ते लॅटिनो, म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतले; उत्तरेकडचे बहुतेक कृष्णवर्णीय. हे स्पष्टीकरण बऱ्याच जणांना सोयीचं वाटलं. पण त्याच शहरातली ऑबर्न ग्रेशम ही कृष्णवर्णीयांचीच वस्ती, तिथं मृत्यू कमी झाले. तिथले रस्ते नांदते राहिले होते, एवढाच फरक.

त्या लाटेत गेलेल्यांपैकी कित्येकांना न्यायला कुणी आलं नाही. त्यांच्या खोल्यांतल्या चीजवस्तू खोक्यांत भरून सरकारी कचेरीत ठेवल्या होत्या. क्लिननबर्गने त्या पाहिल्या. पत्रं, फोटो. माझ्या फोनमधली सहाशे नावं हा खोक्याचाच प्रकार म्हणायचा.

चार वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच शहरात पुन्हा लाट आली. या खेपेला शहराने एकट्या वृद्धांना फोन लावले, माणसं दारोदार पाठवली. मृत्यू झालेच, पण आकडा सुमारे ११० वर थांबला. म्हाताऱ्यांना कुणी छंद लावून घ्यायला सांगितलं नव्हतं. त्यांचं दार कुणीतरी ठोठावलं होतं.

एकटेपणाबद्दल आपली एक समजूत असते: हा पोट भरलेल्यांचा आजार, श्रीमंत देशांतल्या मोठमोठ्या घरांतला. त्या २०२५ च्या अहवालात या समजुतीला चांगलाच धक्का आहे. एकटं वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांत ११ टक्क्यांच्या आसपास, आणि गरीब देशांत सुमारे २४ टक्के. दुप्पट. तेराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंतच्या मुलांमध्ये १७ ते २१ टक्के. म्हणजे हा म्हातारपणाचाही खास आजार नव्हे. मला यात नवल वाटत नाही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळ कुठे असते? आणि संध्याकाळच नसेल तर मित्र कधी भेटणार?

हुद्द्याने तब्येत ठरते हे तर केव्हाच मोजून झालंय. ब्रिटनच्या व्हाइटहॉल भागातल्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुषांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे सरकारी नोकर, कुणी उपाशी नाही, उपचार सगळ्यांना मोफत. तरी सगळ्यात खालच्या पायरीवरच्यांचा, म्हणजे निरोपे आणि दारावरचे वगैरे, मृत्युदर सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होता. आणि हे फक्त तळाचं दुखणं नव्हतं. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूससुद्धा पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर जात होता. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरेंचा हिशेब वजा केला तरी निम्म्याहून अधिक फरक उरलाच. या अभ्यासातले संशोधक मायकेल मार्मट यांनी पुढचं आयुष्य हा उरलेला फरक समजून घेण्यात घातलं. आपल्या कामावर आपला ताबा किती, दिवस आपल्या हातात किती, हे त्यांना त्यात वारंवार सापडत गेलं. डॉक्टर ‘ताण घेऊ नका’ असं चिठ्ठीवर लिहून देतात तेव्हा मला हा जिना दिसतो. ताण घेतो कोण? तो वरून खाली येतो.

या सगळ्यात विश्वास नावाची एक चीज आहे, जी तपासणीच्या कुठल्याच यादीत नसते. कोविडच्या आधी देशांची क्रमवारी लावलेली होती: साथीला तोंड द्यायला कोण किती सज्ज. प्रयोगशाळा, कायदे, यंत्रणा, सगळं मोजून. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘द लॅन्सेट’मध्ये १७७ देशांचा अभ्यास आला, आणि त्या सज्जतेच्या गुणांचा लागणीच्या दराशी काही म्हणण्यासारखा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो लोकांचा सरकारवर आणि त्याहूनही लोकांचा लोकांवर विश्वास किती, याच्याशी. डेन्मार्कमध्ये जेवढा एकमेकांवर भरवसा आहे तेवढा सगळीकडे असता, आणि हे नातं खरोखर कार्यकारणाचं असतं, तर जगातली लागण ४० टक्क्यांनी कमी झाली असती असं गणित त्यांनी मांडलंय. त्या ‘तर’ला मी तपासताना लाल पेनने गोल केला असता, पण तो त्यांनी स्वतःच ठळक लिहिलाय. शेजारी मास्क लावेल, खोकला असला तर घरी बसेल, असं वाटलं तरच मी लावते, मी बसते. अनोळखी माणसाबद्दल आपला अंदाज काय, यावर साथ किती पसरते ते ठरतं.

आता त्या ‘तर’बद्दलच. कारण इथवर वाचून कुणी म्हणेल, एकटं राहिल्याने माणूस आजारी पडतो हे सिद्धच झालं की. तसं नाही. उलटंही असू शकतं: गुडघा दुखतो म्हणून माणूस जिना उतरत नाही, जिना उतरत नाही म्हणून भेटी सुटतात. ऐकू कमी येतं म्हणून तो बैठकीत गप्प बसतो, मग बैठकीलाच जात नाही. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य आणि जनुकांच्या माहितीसाठ्यातल्या लाखो लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ने छापला. त्यांनी प्रश्नावलीतली उत्तरं आणि जनुकीय माहिती शेजारी शेजारी ठेवली. प्रश्नावलीत एकटेपणाची सांगड बऱ्याच रोगांशी दिसली. जनुकांच्या अंगाने पाहिलं तेव्हा त्यातल्या बहुतेक रोगांचं तो कारण असल्याचा पुरावा मिळेना. तो खूण असावा, असं त्यांचं म्हणणं. धुरासारखा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जरा खट्टू झाले, का कोण जाणे. आवडत्या गोष्टीत कुणी खोट काढल्यासारखं वाटलं. पण भिंतीकडे बघत पडून राहिलं की वेळच वेळ असतो. एकटेपणाने माझे खडे झाले नव्हते; ते कसे होतात हे मला माहीत आहे. मात्र पहिली कळ आली ती मार्चमध्ये आणि मी डॉक्टरकडे गेले जूनमध्ये. “अगं, चेहरा किती उतरलाय तुझा, दाखवून ये” असं म्हणायला या तीन महिन्यांत समोर कुणी नव्हतं. स्क्रीनवर चेहरा चांगला दिसतो. आजार एकटेपणाने झाला की नाही हे जनुकं सांगतील; तो किती उशिरा कळला, हे जनुकांना विचारून काय उपयोग?

जपानमध्ये एकट्याने मरून पडण्याला शब्दच आहे, कोदोकुशी. तिथल्या पोलिसांनी २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांची मोजदाद जाहीर केली. एकटी राहणारी ३७,२२७ माणसं घरात मृत सापडली. त्यातली ३,९३९ एक महिन्याहून जास्त काळानंतर. १३० माणसं वर्षभर किंवा त्याहून जास्त तशीच होती. या आकड्यांपाशी मी भागाकार करायला गेले नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरचे काका, हातात तीन वर्तमानपत्रं. पंच्याहत्तरीच्या पुढचे, एकटेच. आमचा संबंध जिन्यात ‘काय, बरं ना?’ एवढ्यापुरता आणि एकदा त्यांच्या गळक्या नळावरून जरा वाजलेलं.

“दोन दिवस बाहेरच पडलेली होती,” पेपर पुढे करत ते म्हणाले. “मग मीच उचलून ठेवले. म्हटलं, गावाला गेलात की काय. पण मग रात्री दिवा दिसला, आणि पेपर तर आजही तसाच.”

म्हणजे त्यांनी मोजलं होतं. मी ऑपरेशनचं सांगितलं तर चिडले. “सांगायचं नाही का? वर माणूस राहतो ना?” मला काय बोलावं कळेना. मी म्हटलं, “तुम्हाला त्रास कशाला...” तर ते जिना चढता चढता नुसतेच हात उडवून गेले.

त्या सहकाऱ्याला मी आठवड्याने सांगितलं, तुमचं नाव न विचारता टाकलं होतं म्हणून. तो क्षणभर गप्प झाला. म्हणाला, “मी माझ्या फॉर्मवर बायकोचं टाकतो अजून. वेगळे होऊन सहा वर्षं झाली. दुसरं कुणाचं टाकू?”

पावसाळा संपता संपता काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सकाळी सकाळी फोन आला. पाठीमागे काउंटरवरचा गलबला.

“तुमचा नंबर लिहितोय,” काका म्हणाले. “चालेल ना?”

“लिहा ना.”

“आणि नातं विचारतायत. काय लिहू?”

मी विचार करत होते तेवढ्यात त्यांनी पलीकडच्या माणसाला काहीतरी सांगितलं. फोन तोंडापासून लांब होता, तरी ऐकू आलं.

“लिही, खालचा मजला.”

“सिस्टिमने घेतलं?” मी विचारलं.

“घेतलं की.”